गहू-शाळूतलं तणनाशक : निम्म्या डोसात भागतं का?

वेदगंगाकाठ (निपाणी)

सोयाबीन निघून रान मोकळं झालं की आमच्याकडं गव्हाच्या पेरण्या लागतात, आणि महिन्याभरात प्रत्येक औषध दुकानाच्या दारात एकच वाद सुरू होतो. पुडीवर लिहिलेला डोस पूर्ण मारायचा की निम्म्यात भागवायचं? "निम्म्यात तण मरतंय, मग पूर्ण कशाला?" म्हणणारे दरवर्षी वाढताहेत. आमच्या भावकीतच दोन तट आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो. शाळूवाल्यांनीही लिहा, तुमचं रान वेगळं आणि तणही वेगळं.

निम्म्या डोसाचा विचार म्हणजे नुसती काटकसर, असं मी मानत नाही. डेन्मार्कनं १९८६ साली शेतीतल्या औषधांचा वापर १९९७ पर्यंत निम्म्यावर आणायचं ठरवलं. त्या काळात तिथं हिवाळी गहू आणि बार्लीत लेबलपेक्षा कमी मात्रेवर बरंच काम झालं. कॅनडात बार्लीतल्या जंगली ओटावरही झालं. त्यातून निघालेली गोष्ट आपल्यालाही पटण्यासारखी आहे. लेबलवरची मात्रा वाईट परिस्थितीतही चालली पाहिजे, या हिशेबानं ठरवलेली असते. तण थोडं थोराड झालेलं, रान जरा सुकलेलं, पिकात खांडण्या पडलेल्या, असं सगळं त्यात धरलेलं असतं. याउलट तण दोन-चार पानांचं असेल, रानात वापसा (बेताची ओल) असेल, पीक दाट असेल, तर त्याहून कमी मात्रेतही काम होऊ शकतं. कॅनडात बियाणं वाढवून पेरलेल्या बार्लीत कमी मात्रा चांगली चालली, ती यामुळेच. औषधानं आजारी पडलेलं तण पुढं पिकानंच सावलीखाली दाबलं.

म्हणजे तिथं कमी मात्रेला दाट पिकाचा, नेमक्या वेळेचा आणि मोजून मारणाऱ्या यंत्राचा आधार होता. आपल्याकडं यातलं एकही न बघता फक्त "निम्मं" तेवढं उचललं जातंय, आणि मला काळजी आहे ती याची.

माझं मत आधीच सांगून टाकतो. औषध वाचवायचं असेल तर किती जागेवर मारतो आणि कधी मारतो, यात वाचवावं. जिथं फवारा पडेल तिथं मात्रा पूर्ण पडू द्यावी. यावर मतभेद असतील तर मोकळेपणानं लिहा, मला ते ऐकायचेच आहेत.

शाळूवाला (अथणी)

आमच्याकडं जिरायत शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. काळी रानं, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेर, पुढं पाऊस आला तर आला, नाहीतर जमिनीतल्या ओलीवरच पीक. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या रानात वेगळंच येतंय.

शाळूत अ‍ॅट्राझिन हे तणनाशक पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत, उगवायच्या आधी मारायचं असतंय. ५० टक्क्यांची पावडर एकरी ४०० ग्रॅम. पण ते काम करायला वरच्या दोन बोटांत ओल पाहिजे. आमच्याकडं पेरणी होईपर्यंत वरची माती फुफाटा झालेली असती आणि ओल खाली चार बोटांवर. बी ओलीत पडतंय, औषध मात्र कोरड्यात पडतंय. मग पूर्ण मारा की निम्मं मारा, सारखंच.

दुसरं म्हणजे आम्ही शाळूत करडईच्या ओळी घालतो, कुणी हरभरा टाकतंय. अ‍ॅट्राझिन त्यांना चालत नाही. म्हणून अजूनही कोळपं हेच आमचं औषध. १८ इंचाची ओळ असल्यावर बैल मोकळा चालतो, तण जातंय आणि भेगा बुजून ओल पण धरली जाती. औषधानं भेग बुजत नाही.

हिरण्यकेशी (संकेश्वर)

मी निम्माच डोस मारतो आणि त्यात मला काही चुकीचं वाटत नाही, म्हणून लिहितोय.

गव्हात आमच्याकडं येतंय काय? रानचाकवत, माठ, घोळ, दुधी, पाथरी. सगळी रुंद पानाची. पंजाब-हरियाणासारखं गव्हात लपणारं गवत आमच्या रानात मी बघितलेलं नाही. त्या रुंद पानाच्या तणाला २,४-डी हे तणनाशक लागलं की ते पिळवटतंय, पंधरवड्यात वाळतंय. दुकानदार त्याचं ५८ टक्क्यांचं अमाइन पंपाला ४० मिली सांगतो. मी २० मिली टाकतो. पेरल्यावर महिना झाला की, सकाळी दव वाळल्यावर, वारं नसताना मारतो. तण बोटभर असतंय तेव्हाच. कधी भांगलण लागली नाही.

आता मला सांगा, जेवढ्यात काम होतंय त्याच्या दुप्पट विष मी माझ्या रानात का ओतू? माझ्या विहिरीला तेच पाणी पाझरतंय. जास्त औषध मारलं म्हणजे जास्त शहाणा शेतकरी, असं थोडंच आहे?

वापसा (चिकोडी)

हिरण्यकेशी अण्णा, एक विचारतो. तुमच्या एकराला किती पंप लागतात?

कृषिपदवीधर (धारवाड)

हिरण्यकेशी यांचा शेवटचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उडवून लावणं बरोबर नाही. विषाचा भार कमी व्हायलाच हवा. पण कमी मात्रेचा एक परिणाम पहिल्या एक-दोन वर्षांत डोळ्यांना दिसत नाही, तो सांगणं मला गरजेचं वाटतं.

एका रानात एकाच जातीच्या तणाची लाखो रोपं असतात आणि ती सगळी सारखी नसतात. काहींच्या अंगात औषध पचवून टाकायची थोडी जास्त ताकद असते. पूर्ण मात्रेत ती थोडी ताकदवान रोपंही मरतात. निम्म्या मात्रेत ती आजारी पडतात, पिवळी होतात, आणि मग पुन्हा फुटतात. त्यांचं बी रानात पडतं. पुढच्या वर्षी त्यांचीच पोरं उगवतात, त्यांच्यातला परागसंकर होतो आणि दोन रोपांतली थोडी-थोडी ताकद एका रोपात जमा होते. ऑस्ट्रेलियात रायग्रास नावाच्या गवतावर हे मुद्दाम करून बघितलंय. डायक्लोफॉप या तणनाशकाची कमी मात्रा मारायची, वाचलेल्यांचं बी धरायचं, पुन्हा कमी मात्रा मारायची. अवघ्या तीन-चार पिढ्यांत ते गवत शिफारशीच्या मात्रेलाही दाद देईनासं झालं. ते गवत परपरागीकरणाचं असल्यामुळे तिथं वेग जास्त होता, हेही सांगितलं पाहिजे. स्वतःच्याच परागानं बी धरणाऱ्या तणात हे सावकाश होतं.

आपल्या देशातलं उदाहरण हरियाणाचं. भात-गहू, भात-गहू, आणि गव्हात वर्षानुवर्षं एकच आयसोप्रोट्युरॉन. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फॅलॅरिस मायनर, ज्याला तिकडं गुल्लीडंडा किंवा मंडूसी म्हणतात, ते त्याला जुमानेनासं झालं. काही शेतकऱ्यांना उभा गहू वैरणीला कापावा लागला. कारणं शोधताना एकच औषध वारंवार वापरणं हे पहिलं निघालं, पण कमी मात्रा आणि ओबडधोबड फवारणी हीही त्यात होती. मग क्लोडिनाफॉप आणि सल्फोसल्फ्युरॉन आली, आणि पुढं त्यांनाही न मरणारं गवत निघालं. रुंद पानाच्या तणातही मेटसल्फ्युरॉनला दाद न देणारं रुमेक्स तिकडं सापडलंय.

बेळगाव भागात सोयाबीन, ऊस, तंबाखू, गहू, हरभरा असा फेर असतो. तो आपल्या बाजूनं आहे. गव्हामागून गहू येत नाही तोवर एकाच औषधाचा मारा सतत होत नाही. तरीही मेटसल्फ्युरॉनच्या गटातल्या औषधांचा डोस तोडू नये, असं मी ठामपणे सांगेन. त्या गटाची औषधं वनस्पतीतल्या एकाच ठिकाणी काम करतात, आणि तिथं एक छोटा बदल झाला की तण सुटतं.

हिरण्यकेशी (संकेश्वर)

वापसा, १६ लिटरचा पंप. एकराला अठरा-वीस जातात. मी सावकाश चालतो, पान ओलं झाल्याशिवाय पुढं जात नाही.

वापसा (चिकोडी)

तर मग हिशेब बघा अण्णा. २० मिलीनं अठरा पंप म्हणजे एकरी ३६० मिली. ५८ टक्के अमाइनची गव्हातली शिफारस एकरी साधारण ३५० ते ५०० मिली आहे. तुम्ही मारताय तो निम्मा डोस नाहीच, लेबलात बसणारा पूर्ण डोस आहे. म्हणून तण मरतंय.

दुकानदाराचा ४० मिलीचा हिशेब एकराला दहा-बारा पंप मारणाऱ्याला धरून आहे. तुमच्या चालीनं ४० मिली मारलं असतं तर एकरी ७०० च्या वर गेलं असतं, म्हणजे जास्तच. आणि तुमचं बघून तुमच्या शेजारच्या कुणी घाईनं चालणाऱ्यानं आठ पंपात एकर उरकला आणि २० मिलीच टाकलं, तर त्याचं पडणार १६० मिली. त्याचं तण सुटणार, आणि तो म्हणणार औषध बोगस होतं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडं डोस पंपावर मोजतात. औषध मात्र रानावर पडतंय, पंपावर नाही. पूर्ण का निम्मा या वादातल्या दोघांनाही आपला डोस किती, हे बहुतेक वेळा ठाऊक नसतं.

मोजायची पद्धत सांगतो, सोपी आहे. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा. दोरी लावून चार खुंट्या ठोका. पंपात मोजून दहा लिटर नुसतं पाणी घ्या. रोजच्या चालीनं, रोजच्या दाबानं तो गुंठा मारा. जो माणूस पुढं औषध मारणार आहे त्यानंच मारायचं, दुसऱ्यानं नाही, कारण प्रत्येकाची चाल वेगळी. मग पंपातलं उरलेलं पाणी मापून बघा. समजा पाच लिटर गेलं, तर ४० गुंठ्यांना २०० लिटर. १६ लिटरचे साडेबारा पंप. आता एकराचं औषध साडेबारानं भागा. २,४-डीची ८० टक्क्यांची सोडियमची पावडर एकरी २५० ग्रॅम, म्हणजे पंपाला २० ग्रॅम.

मेटसल्फ्युरॉनची तर पुडीच एकराची, ८ ग्रॅमची. ती पंपाला चिमटीनं टाकणारे मी बघितलेत. एका पंपात दोन ग्रॅम, दुसऱ्यात काहीच नाही. त्याच्याऐवजी पूर्ण पुडी सव्वा लिटर स्वच्छ पाण्यात नीट विरघळवा आणि प्रत्येक पंपाला त्यातलं १०० मिली टाका. सोबतचं चिकट द्रव्य वेगळं, प्रत्येक पंपात. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा, उद्याला ठेवू नका.

नोझल फ्लॅट फॅनचं पाहिजे. किडीच्या औषधाचं गोल फवारा मारणारं नोझल तणनाशकाला लावलं की पट्टे पडतात, एका पट्ट्यात दुप्पट आणि शेजारी निम्मं. निम्म्याच्या पट्ट्यात काय होतं ते वर धारवाडच्या साहेबांनी लिहिलंयच.

वेदगंगाकाठ (निपाणी)

वापसा, यासाठी मनापासून आभार. ४० मिली-२० मिलीचा हिशेब आमच्या गटावर टाकतोय.

पैशाचं पण बघू या. ८ ग्रॅमची पुडी अर्धी वाचवून काय वाचतं? आमच्याकडं भांगलणीच्या एका बाईच्या एका दिवसाच्या हजेरीएवढेही नाहीत. आणि तण सुटलं तर एकराला सात-आठ बायका लागतात. गव्हात पहिले ३० ते ४० दिवस तणाशी झगडा असतो. तेवढे दिवस पीक मोकळं राहिलं की पुढं गहू स्वतःच दाबतो. त्या दिवसांत जे खत-पाणी तण खातं ते नंतर कितीही भांगललं तरी परत येत नाही.

चिंचबन (बेळगाव तालुका)

मी एक बाई म्हणून थोडं वेगळं लिहिते. आमच्याकडं भातानंतर मसूर, वाटाणा आणि थोडा घरापुरता गहू. भांगलण आम्हीच करतो. तुम्ही ज्याला तण म्हणता त्यातलं निम्मं आमच्या ओट्यात घरी येतं. रानचाकवताची ताक घालून पातळ भाजी, घोळूची डाळ घालून, पाथरीची कोवळी पानं कांद्याबरोबर कच्ची. उरलेलं म्हशीला. हिवाळ्यात दोन महिने भाजी विकत घ्यावी लागत नाही.

औषध मारलेल्या रानातली भाजी घरात आणायची नाही आणि वैरणही घालायची नाही, हे मारणाऱ्यानं सांगायला हवं. आणि तेच कुणी सांगत नाही. गेल्या रब्बीत आम्ही दुसऱ्याच्या रानात भांगलायला गेलो तेव्हा तिथं आधी फवारणी झालेली होती. निम्माच मारलाय, काही होत नाही, असं उत्तर मिळालं. निम्मा असो की पाव, भाजी खुडणाऱ्या बाईला ते आधी कळलं पाहिजे. बांधावर एक काठी आणि लाल फडकं लावायला काय लागतं?

आणि कमी क्षेत्र असेल तर हातानं काढणं परवडतं, हेही लिहून ठेवा. सगळ्यांची पाच-पाच एकर नसतात.

वेदगंगाकाठ (निपाणी)

ताई, फडक्याची सूचना आमच्या गल्लीत लगेच अमलात आणू. लेबलवरसुद्धा फवारलेल्या रानात लगेच जाऊ नये, असं लिहिलेलं असतं. आपण ते फक्त मारणाऱ्यापुरतं समजतो.

द्राक्षबाग (अथणी)

सगळे गव्हाचं बोलताय. माझ्या बाजूनं पण बघा. ऑक्टोबरात छाटणी झाली की नोव्हेंबर-डिसेंबरात आमच्या बागेत कोवळी फूट आणि घड असतात. नेमकं त्याच वेळी शेजारच्या गव्हात २,४-डी. ते गव्हाला काही करत नाही, पण द्राक्षाच्या कोवळ्या पानाला त्याचा वास जरी लागला तरी पान पंख्यासारखं आखडतं, शिरा जवळ येतात, शेंडा वळतो. इथं तुम्ही ज्याला निम्मा म्हणता त्याच्या निम्म्याच्या निम्म्यानंही नुकसान होतं. तेव्हा डोस निम्मा केला म्हणून शेजारी सुरक्षित झाला, असं समजू नका.

ईथाइल एस्टरचं २,४-डी सगळ्यात जास्त उडतं, बागेजवळ ते मारूच नका. निपाणीकडं तंबाखू उभी असते, तिलाही हेच लागू. टोमॅटो, वांगी, कापूस सगळ्यांना. आणि २,४-डी मारलेल्या पंपानं बागेवर दुसरं औषध मारायचं नाही. धुतला तरी नाही. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्यावर रंगानं खूण करा.

कृषिपदवीधर (धारवाड)

द्राक्षबाग यांना पूर्ण दुजोरा. बागेच्या आणि तंबाखूच्या शेजारी मेटसल्फ्युरॉन तुलनेनं बरं, कारण ते वाफ होऊन उडत नाही. पण वाऱ्यावरचे थेंब त्याचेही जातातच, आणि त्याची दुसरी अडचण जमिनीत आहे. या गटाची औषधं आम्लधर्मी जमिनीत लवकर मोडतात आणि विम्लधर्मी जमिनीत रेंगाळतात. अथणी-कागवाडच्या काळ्या, चुनखडीच्या रानांचा सामू (पीएच) आठच्या पुढं असतो. तिथं मेटसल्फ्युरॉन किंवा सल्फोसल्फ्युरॉन वापरलं तर पुढच्या पिकाचा विचार आधी करायला हवा. सल्फोसल्फ्युरॉन गव्हात एकरी साडेतेरा ग्रॅम इतकंच असतं, तरी मागून येणाऱ्या मका-ज्वारीला ते बाधू शकतं. खानापूर-बेळगावच्या तांबड्या रानात ही भीती कमी.

पाण्याचंही एक सांगतो. बोअरचं जड पाणी असेल तर २,४-डीचं सोडियम आणि अमाइन त्यातल्या कॅल्शियमशी बांधलं जातं आणि जोर कमी होतो. म्हणजे तुम्ही पूर्ण डोस घातला तरी तणाला पूर्ण मिळत नाही, आणि निम्मा घातला तर काय उरणार? नदीचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर ते घ्या.

शाळूवाला (अथणी)

वेदगंगाकाठ, तुम्ही वर लिहिलंय की जागेत वाचवा. ते शाळूत कसं करायचं ते सांगतो, आमच्याकडं बागायत शाळूला काहीजण करालेत.

ओळी १८ इंचावर. अ‍ॅट्राझिन सगळ्या रानावर न मारता फक्त ओळीवर सहा इंचाचा पट्टा मारायचा. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रामागं प्रत्येक फणाला एक नोझल बसवलंय. सहा इंच म्हणजे १८ चा तिसरा हिस्सा. एकराला ४०० ग्रॅमच्या जागी १३०-१३५ ग्रॅम लागतंय, पण ओळीवर जिथं पडतंय तिथं पूर्ण जोरानं. मधल्या बारा इंचात कोळपं. ओळीतलं तण कोळप्याला निघत नाही, तेच नेमकं औषधानं जातंय. पेरल्यावर हलकं पाणी मात्र दिलंच पाहिजे, नाहीतर ओलीची तीच गत.

टारफुल्यावर मात्र याचा काही उपयोग नाही. ते जोंधळ्याच्या मुळाला जमिनीखालीच चिकटतंय, वर दिसेपर्यंत नुकसान झालेलं असतंय. वर आलं की फुलायच्या आत उपटायचं. बी वर्षानुवर्षं मरत नाही.

हिरण्यकेशी (संकेश्वर)

वापसांनी हिशेब दाखवला तो पटला. येत्या रविवारी गुंठा आखून मोजणार. पण माझा मुद्दा मी सोडत नाही. मोजून, तण दोन पानांचं असताना, दाट गव्हात, लेबलातल्या कमीत कमी आकड्यावर मारायचं, हे तरी सगळे मानता का? लेबलात ३५० ते ५०० असताना दुकानदार कायम ५०० च्या आसपासचंच का सांगतो?

वेदगंगाकाठ (निपाणी)

हे मानतो, आणि आनंदानं मानतो. लेबलातच जिथं कमी-जास्त दिलंय तिथं लहान तणाला कमी आकडा, हे बरोबर. त्याच्या खाली जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

आणि एकूण औषध त्याहून कमी मारायची इच्छा असेल त्यांना एक सुचवतो. रान ओलवून आठ-दहा दिवस थांबा, तण उगवू द्या, मग वापशावर हलका कुळव मारून ते मोडा आणि पेरा. पहिली, सगळ्यात मोठी उगवण औषधाशिवाय निघून जाते. सोयाबीन वेळेत निघालं तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेर साधते. बियाणं एकरी ४० ऐवजी ५० किलो आणि ओळ ९ इंचापेक्षा जास्त नाही. मग महिन्यानं रानात उतरून बघा. ज्या वाफ्यात तण आहे तेवढ्याच वाफ्यात फवारा. माझ्या अंदाजानं निम्म्याहून जास्त रानाला हात लावावा लागत नाही. तुम्हाला जे विष कमी करायचंय ते असं कमी होतं, अण्णा, आणि तणाला शिकायची संधीही मिळत नाही.

खपलीघर (रायबाग)

खपली गव्हाबद्दल कुणी लिहिलं नाही. धारवाडची डीडीके-१०२९ ही जात आहे माझ्याकडं. हेच डोस चालतील का?

कृषिपदवीधर (धारवाड)

लेबलवर नुसतं 'गहू' असतं, खपलीचं वेगळं काही नसतं. म्हणून पूर्ण रानावर मारायच्या आधी कडेच्या एका वाफ्यात मारून आठ-दहा दिवस पान बघा. पिवळेपणा आला तर किती दिवसांत जातो तेही बघा. सेंद्रिय म्हणून खपली विकत असाल तर अर्थातच कुठलंच औषध नको, सायकल कोळपं आणि भांगलण. शंका असल्यास रयत संपर्क केंद्रात किंवा मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, आणि तणाचं रोप मुळासकट सोबत न्या. फोटोवरून लहान रोप ओळखणं कठीण जातं.

दुधगंगा (कारदगा)

उशिरा लिहितोय. गहू ४८ दिवसांचा झालाय, कांडीवर आलाय. पाणी आणि युरिया दिल्यावर रानचाकवत एकदम उसळलं, गुडघ्याएवढं आहे. आता निम्म्याचा प्रश्न नाही, २,४-डी पूर्ण किंवा थोडं जास्त मारलं तर जाईल का?

वापसा (चिकोडी)

मारू नका. फुटवे पूर्ण झाल्यापासून कांडी धरेपर्यंत एवढीच २,४-डीची वेळ, म्हणजे पेरल्यावर ३० ते ३५ दिवसांनी. आपल्याकडं थंडी थोडे दिवस असते, गहू उत्तरेपेक्षा लवकर कांडीवर येतो, त्यामुळं ही वेळ लवकर सरते. आता मारलं तर ओंब्या वाकड्या होतात, दाणे भरत नाहीत. आणि एवढं थोराड रानचाकवत पूर्ण डोसालाही नीट मरत नाही, खालून परत फुटतं.

चिंचबन (बेळगाव तालुका)

दादा, पाणी दिल्यावर दोन दिवसांनी माती मऊ असताना उपटून घ्या, गुडघ्याएवढं रानचाकवत मुळासकट सहज येतं. फुलायच्या आत काढलं तर गुरांना घाला. बी धरलेलं असेल तर गुरांना नको आणि खताच्या खड्ड्यात पण नको, शेणातून ते परत रानात जातं. बांधाबाहेर नेऊन वाळवून जाळा. बायका मिळत नसतील तर पैऱ्यानं बघा, आमच्या गल्लीत तसंच करतो. एक दिवस तुमच्या रानात, एक दिवस त्यांच्या.

दुधगंगा (कारदगा)

बरं ताई. गुरुवारी पाणी सोडतो, शनिवारी सकाळी घरातले सगळे आणि शेजारची चौघं लागतो. अजून फूल दिसत नाही, कळ्या धरायला लागल्यात.